लाल लडीवरचे ठिपके

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला चिकपेटचे रेशमाचे व्यापारी हयवदनराव आमच्या अंगणात आले, पिशवीतून लाल रेशमाची लड काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. नागराज समोर उभा होता, त्याच्या हातात दिली नाही. यावरूनच मी काय ते समजले.

"कृष्णाक्का, तुम्हीच बघा. माझे डोळे म्हातारे झाले असतील," ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. कुंकवासारखा लाल रंग, आणि त्यावर मोहरीएवढे फिकट ठिपके. एक नाही, दोन नाही, चाळणीतून गाळल्यासारखे.

"हे दुसऱ्यांदा," हयवदनराव म्हणाले. "लग्नाच्या शालूंचं रेशीम आहे. विणकर म्हणतो, हे मागावर चढवणार नाही. शनिवारी मी पुढचा माल न्यायला येतो. त्यातही असंच निघालं तर मला दुसरा रंगारी बघावा लागेल."

आमच्या बंगळूरच्या कब्बनपेठेतल्या घरात तीन पिढ्या रेशीम रंगवतात. सासरे रंगवायचे, नवरा रंगवायचा, आता मुलगा नागराज रंगवतो. मी रंगवत नाही, पण रंग कुठं चुकला ते दारात बसून सांगते आणि ते कुणालाच आवडत नाही. घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये लाकडाची भट्टी, भट्टीवर तांब्याचं मोठं भगुणं. त्यातल्या उकळत्या रंगात लडी काठीवर फिरवायच्या, पिळायच्या, आणि अंगणात डोक्याच्या वर बांधलेल्या बांबूंवर वाळत टाकायच्या. आमचा धंदा एवढाच.

ठिपके कशाचे ते मला कुणी सांगायला नको होतं. राखेचे. ओल्या रंगावर राखेचा कण पडला की तेवढ्या जागचा रंग तो खाऊन टाकतो. मग धुवा, उकळा, रडा, काही होत नाही.

अंगणात त्या वेळी नागराज होता, दोन कारागीर होते, हयवदनराव होते, आणि कोपऱ्यात बसून गंगव्वा भगुणं घासत होती. गंगव्वा बागलकोटकडची. बावीस वर्षं आमच्याकडं आहे. रोज उजाडता उजाडता येते, कालची राख भट्टीतून काढते, भट्टी सारवते. मग कारागीर जाळ करतात.

मी मान वर केली आणि कन्नडमध्येच म्हणाले, म्हणजे एकूण एकाला कळावं, "का गं गंगव्वा, हात थरथरायला लागले का तुझे? राख बाहेर काढायला ठेवलंय तुला, अंगणभर उधळायला नाही."

गंगव्वा उठली. हात धुतले. "मी उधळली नाही, अव्वा," एवढं म्हणाली आणि पुन्हा घासायला बसली.

हयवदनराव गेल्यावर नागराज माझ्याजवळ आला. "आई, तिचं वय झालं आता. शनिवारपासून येऊ नको म्हणून सांगतो. हयवदनराव येतील तेव्हा माणूस बदललेला दिसला पाहिजे."

"तिला मी ठेवलंय. काढायचं तर मी काढीन."

"मग काढ. सगळ्यांसमोर बोललीस तूच."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. तोंडातून गेलेलं वाक्य माझं होतं, आणि बोलताना मी काही तपासलेलं नव्हतं. हयवदनरावांनी लड माझ्या मांडीवर टाकली, ती मला कुणाच्या तरी मांडीवर टाकायची होती, झालं.

दुपारी सगळे जेवून लवंडले तेव्हा ती लड घेऊन मी न्हाणीच्या खिडकीशी गेले. तिथं उजेड चांगला पडतो. लड उलगडली, फिरवली. आणि मला एक गंमत दिसली. ठिपके सगळे एकाच बाजूला. लड बांबूवर टाकली की तिचा वरचा भाग आभाळाकडं असतो आणि बाकीची खाली लोंबते. ठिपके त्या वरच्या भागात. खाली लोंबणाऱ्या भागात एक नाही.

आता गंगव्वा खाली बसून राख काढते. बांबू तिच्या डोक्याच्या हातभर वर. खालून उडालेली राख लोंबणारा भाग सोडून नेमकी वरच जाऊन कशी बसेल? शिडी लावून चढली?

नागराजला विचारलं तर तो म्हणाला, "आई, साधं आहे. दिवसा रंगवलेल्या लडी संध्याकाळपर्यंत वाळून घरात जातात, त्यांच्यावर ठिपका नाही. शेवटचा घाणा, शेवटची खेप, संध्याकाळी बाहेर पडतो, तो रात्रभर बांबूवर असतो. सकाळी गंगव्वा त्याच्याखाली राख काढते. ठिपके फक्त त्यावरच. दुसरं कोण असणार?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पूर्वी दुपारी दोनला आमचा जाळ बंद व्हायचा. या त्र्याण्णवच्या लग्नसराईत हयवदनरावांचं काम एवढं आलं की साडेपाचपर्यंत भट्टी पेटलेली. संध्याकाळचा घाणा हा नवाच प्रकार होता, आणि ठिपकेही नवेच. पण वरच्या बाजूचं काय? मला रात्रभर तेच.

मंगळवारी उजाडायच्या आत मी मांजरपाटाचे चार तुकडे लाल रंगात बुडवून, ओलेच, बांबूवर टाकले. एक भट्टीच्या तोंडावर, एक विहिरीकडं, एक मधे, एक मागच्या भिंतीशी, कारण भिंतीपलीकडं बेकरी आहे आणि तिचीही भट्टी लाकडाची. मग पाट घेऊन गंगव्वासमोर बसले.

बावीस वर्षं ती बाई माझ्या घरात राख काढते आणि मी ते एकदाही धड बघितलं नव्हतं. मला वाटायचं, खोऱ्यानं ओढायची आणि घमेल्यात भरायची, त्यात बघायचं काय? तर तसं नाही. तिनं आधी राखेच्या वर तळहात धरला, टेकवला नाही, नुसता धरला, ऊब आहे का बघायला. मग घमेलं बाहेर न ठेवता भट्टीच्या तोंडात अर्धं आत सरकवलं. म्हणजे राख पडली तरी आतच पडणार. घमेल्यावर ओलं गोणपाट, एक कोपरा दुमडलेला. खोरं नाहीच. डब्याचा पत्रा ठोकून सपाट केलेला, तो डोसा उलटताना उचटणं घालतात तसा राखेच्या खालून घातला, बोटभर वर उचलला, घमेल्यात नेऊन टेकवला आणि तिरका केला. ओतली नाही, घसरू दिली. मग थांबली. दोन-तीन श्वास. मग दुसरा पत्रा.

"एवढं थांबतेस कशाला?" मी विचारलं.

तिनं उत्तर दिलं नाही. पदर नाकातोंडावरून बांधलेला होता. शेवटी तळाला बोटभर राख तशीच ठेवली, गोणपाट झाकलं आणि घमेलं उचलून गेली. मग परत येऊन म्हणाली, "काय म्हणत होतात?"

"तळाची का ठेवलीस?"

"ती ठेवली की नवा जाळ लवकर धरतो. आणि तळ खरवडला की तीच उडते."

चारही तुकडे स्वच्छ होते. वाळल्यावर ते मी नागराजला दाखवले. तो हसला. "तू समोर पाट टाकून बसलीस. मग काळजी घेईल नाही तर काय?"

म्हणून बुधवारी मी गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या चादरीच्या मागं, पांढऱ्या केसांची बाई, चोरासारखी उभी. खाली गंगव्वानं तळहात धरला, घमेलं सरकवलं, पत्रा घातला, थांबली. अगदी कालच्यासारखं. राख टाकून आली आणि वर न बघता म्हणाली, "अव्वा, चादर वाळलीय. घेऊन खाली या."

त्या दिवशीही तुकडे स्वच्छ. बेकरीच्या भिंतीशी टाकलेलासुद्धा. बेकरीवाल्याशी भांडायची मी सगळी तयारी केली होती, ती फुकट गेली.

मला आता दुसरं काही सुचेना. शनिवार जवळ येत होता, गंगव्वा माझ्याशी कामापुरतं बोलत होती, आणि माझ्या डोक्यात राख. भाजी चिरताना राख, देवाला फूल वाहताना राख. सून महानंदा म्हणाली, "अत्ते, आज तुम्ही आमटीत मीठ दोनदा घातलं." मी तिला म्हटलं, तू खा गप. आमटी खरंच खारट होती.

बुधवारी आणि गुरुवारी दिवेलागणीला मी रोजच्यासारखी भट्टी शांत केली. आमच्यात भट्टी विझवली असं म्हणत नाहीत, शांत केली म्हणतात. घरातल्या मोठ्या बाईनं तांब्याच्या लोटीतून तीन ओंजळी पाणी आत शिंपडायचं, कुंकू वाहायचं, हात जोडायचे, आणि मग देवाजवळ दिवा लावायचा. सासूबाईंनी मला हे दिलं. नवरा गेल्यावर ते महानंदाकडं जायला हवं होतं. तिनं एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं, माझे हात अजून शाबूत आहेत.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात आले तेव्हा गंगव्वा यायची होती. बांबूवर लाल मांजरपाटाचा एक तुकडा लोंबत होता. तुकडे रोज संध्याकाळी पुन्हा रंगात बुडवून शेडमध्ये ठेवायचं काम मी महानंदाला सांगितलं होतं, सकाळी मला ओले मिळावेत म्हणून. तीन तिनं आत ठेवले आणि एक बांबूवरच विसरली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तुकडा हातात घेतला.

त्यावर ठिपके होते. वरच्या बाजूला, मोहरीएवढे.

गंगव्वा अजून आलीच नव्हती.

मी तिथं पायरीवर बसले. तुकडा वाळून कडक झाला होता. नखानं एक ठिपका खरवडला, गेला नाही. आणि मग मला जे सोमवारीच आठवायला हवं होतं ते आठवलं. रंगाऱ्याच्या घरातल्या पोरालाही ते माहीत असतं, म्हणून कुणी बोलत नाही. राख ओल्या रेशमावर पडली तरच रंग खाते. वाळलेल्यावर पडली तर झटकली की गेली. संध्याकाळचा घाणा सकाळपर्यंत वाळलेला असतो. बंगळूरची हवा कोरडी, रेशीम ते केवढं बारीक, दोन-तीन तासांत वाळतं. गंगव्वानं सकाळी घमेलंभर राख जरी त्याच्यावर ओतली असती तरी असा ठिपका पडला नसता.

म्हणजे ठिपके लडी ओल्या असतानाच पडत होते. संध्याकाळी. साडेपाचनंतर लगेच.

संध्याकाळी राख कोण काढतं? कुणीच नाही. म्हणून त्या वेळेकडं मी बघितलंच नव्हतं. साडेपाचला जाळ ओढून घेतात, कारागीर घरी जातात, आणि भट्टीशी मग एकच माणूस जातं.

मी दिवसभर कुणाची चूक काढली नाही. महानंदानं दोनदा कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

संध्याकाळी शेवटचा घाणा बांबूवर पडला. कारागीर गेले. मी लोटी भरून घेतली, भट्टीसमोर वाकले, आणि थांबले. वाकल्यावर मला फक्त भट्टीचं तोंड दिसतं. वरचं काही दिसत नाही. रोज मी वाकते, शिंपडते, डोळे मिटून हात जोडते आणि आत जाते. आज मला वर बघायचं होतं. शिंपडणारीला ते जमणार नव्हतं.

"महानंदा," मी हाक मारली. "इकडं ये. ही घे लोटी."

ती आली आणि लोटीकडं बघत राहिली. "मी?"

"मग काय शेजारीण? तीन ओंजळी. रोज मी करते तसं."

तिनं हात साडीला पुसले, पुन्हा पुसले. मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि शेडच्या धुराड्याकडं बघत राहिले. धुराडं म्हणजे पत्र्याची नळी, छपरातून दीड हात वर आलेली. बांबूंपेक्षा उंच. आभाळ अजून उजळ होतं.

"सरी, ठीक आहे, टाक," मी म्हटलं.

आतून फस्स आवाज आला. आणि धुराड्याच्या तोंडातून पांढरा लोट असा वर गेला, जणू आत कुणी शिंकलं. वाफ विरून गेली, पण तिच्यातलं काहीतरी राहिलं. अगदी हलकं, करड्या पिठासारखं. ते हवेत थांबलं, पसरलं आणि हळूहळू खाली उतरू लागलं. लाल लडींवर. वरच्या बाजूला.

दुपारी दोनला जाळ बंद व्हायचा तेव्हा दिवेलागणीपर्यंत राख निवलेली असायची. पाणी पडलं की नुसती बसायची. आता तासाभरापूर्वी तिच्यात निखारे होते. तापल्या राखेवर पाणी टाकलं की ती उसळते, हे मला माहीत नव्हतं का? स्वयंपाकघरातल्या चुलीत मी ते कधी केलं नसतं, सुनेला करू दिलं नसतं. पण भट्टीशी मी राख शमवत नव्हते ना. मी माझा मान करत होते, आणि मानाच्या वेळी राख गरम आहे का गार हे कोण बघतं?

"अत्ते, दुसरी ओंजळ टाकू?" महानंदानं आतून विचारलं.

"नको! बाहेर ये आणि लडी उतरव. पळ!"

आम्ही दोघींनी मिळून सगळ्या ओल्या लडी उतरवून घरात नेल्या, नळाखाली पुन्हा खंगाळल्या. पहिल्या दोन बांबूंवरच्या हातच्या गेल्या होत्या, त्यांना ठिपके धरले. बाकीच्या वाचल्या. नागराज आला तेव्हा मी पायरीवर बसले होते, कोपरापर्यंत लाल. त्याला सगळं सांगितलं.

"आई, उद्या हयवदनरावांना सांगू की लाकूड ओलं होतं," तो हळूच म्हणाला. "तुझं नाव कशाला?"

मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू. रात्री मी तेच ठरवून झोपले.

शनिवारी गंगव्वा नेहमीच्या वेळेला आली, पण पत्रा हातात घेतला नाही. शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिला काढणार हे तिला कळलं होतं. इथं न्हाणीत ठेवलेली स्वतःची दोन पातळं तिनं पिशवीत भरून घेतली होती.

मी तिला सांगितलं. काय झालं, कसं झालं, कुणी केलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं."

"म्हणजे राहतेस ना?"

"नाही."

"का आता? तुझा दोष नाही म्हणून सांगितलं ना?"

"आता आपण दोघीच आहोत, अव्वा. त्या दिवशी चौघे होते."

"मग काय डंका पिटू?"

"तुमची मर्जी." तिनं पिशवी खांद्यावर घेतली, पण निघाली नाही. खांबाशीच उभी राहिली. माझ्या तोंडाकडं न बघता भट्टीकडं बघत होती. भट्टीत कालची राख तशीच, माझ्या सुनेच्या एका ओंजळीनं मधे खड्डा पडलेला.

दहाला हयवदनराव आले. कारागीर होते, नागराज होता. नागराजनं लाकडाचं काढलं, "राव, ते काय झालं, डेपोतून लाकूड जरा—"

"लाकूड उत्तम होतं," मी म्हटलं. कन्नडमध्ये म्हटलं. "राख मी उडवली. संध्याकाळी तापल्या भट्टीत पाणी टाकून, रोज, तुमच्या लडींवर. गंगव्वाचा हात याला लागलेला नाही. सोमवारी मी तिला बोलले ते न बघता बोलले."

हयवदनरावांचं तोंड उघडंच राहिलं. "कृष्णाक्का, तुम्ही?"

"मी. तोंड मिटा, माशी जाईल. लडी आत वाळल्यात, ठिपक्यांच्या होत्या तेवढ्या बाजूला काढल्यात, त्या आम्ही पुन्हा रंगवून देऊ. बाकीच्या उन्हात नेऊन बघा आणि मग दुसरा रंगारी शोधायचा तर शोधा."

त्यांनी उन्हात नेऊन एकेक बघितली. त्यांना वेळ लागला आणि मला तो फार लागला. शेवटी त्यांनी लडी पिशवीत भरल्या आणि नागराजला विचारलं, पुढच्या आठवड्यात हिरवा लागेल, होईल का? माझ्याकडं बघून त्यांनी जाताना नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा वाकून. चेष्टा केली का मान दिला ते मला अजून कळलेलं नाही.

गंगव्वानं पिशवी खुंटीला अडकवली. "एक सांगते," ती म्हणाली. "सकाळी मी हात घालेपर्यंत त्या भट्टीत कुणी काही टाकायचं नाही. पाणी नाही, कुंकू नाही. मी राख काढते, मग तुमचं काय ते करा. गार भट्टीत."

"हे तू मला सांगतेस?"

"हो."

कारागीर एकदम कामाला लागल्यासारखं करू लागले. महानंदा दारात आली होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. "सकाळी मला न्हायला उशीर होतो," मी म्हटलं. "शांत करायचं ते सकाळी हीच करेल."

पण मला एक गोष्ट राहवेना. रविवारी काम बंद असतं, तरी राख असतेच. मी गंगव्वाच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आज पत्रा मला दे. तिनं दिला. मी डोसा कैक वर्षं उलटतेय, राख काय मोठी. पत्रा खाली घातला, उचलला, आणि अर्धी माझ्या मांडीवर, चिमूटभर नाकात.

"जास्त भरलात," गंगव्वा म्हणाली.

"घमेलं लहान आहे."

"घमेलं रोजचंच आहे. पुन्हा. थोडी घ्या."

दुसऱ्यांदा बरी आली, पण घमेल्यात टेकवताना पुन्हा फुर्रकन उडाली. "हे बघ, मी तुझ्यासारखंच केलं, तिरका केला, ओतली नाही, थांबले, तरी का उडते? तू काय वेगळं करतेस? तुझा पत्रा वाकडा आहे. आणि ही सर्वेच्या, म्हणजे सुरूच्या, लाकडाची राख तशीही हलकीच, आमच्या वेळी चिंचेचं लाकूड यायचं, ती राख अशी—"

माझ्या बोलण्याच्या वाऱ्यानं घमेल्यातली राख पुन्हा उडाली. गंगव्वानं माझा पदर उचलला, माझ्या नाकातोंडावरून नेला आणि मानेमागं गाठ मारली. घट्ट.

"आता काढा," ती म्हणाली.